भिंतीलगतचें मेज

‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ चा बोलपट सुमारें चार तासांचा. पण कितीदां पाहिला तरी आम्हांस कंटाळा येत नाहीं. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांतली ही प्रेमकथा. लढाई मात्र तींत जवळजवळ नाहींच. डॉक्टरांस शोधीत स्कार्लेट अटलांटाच्या रेल्वे-आवारांत येते, कॅमेरा हळूहळू वर चढतो, आणि जखमी शिपायांच्या रांगा संपतां संपत नाहींत. स्कार्लेट झालेली व्हिव्हियन ली दार्जिलिंगला जन्मलेली, याचें आमच्या घरीं कोण कौतुक!

गुलाम मात्र या चित्रांत सुखी दाखविले आहेत. तें असत्य डांचतें. मॅमी झालेल्या हॅटी मॅकडॅनिएल हिला १९४० सालीं ऑस्कर मिळालें. तें मिळविणारी ती पहिलीच कृष्णवर्णीय. त्याच समारंभांत तिला इतर नटमंडळींपासून दूर, भिंतीलगतच्या मेजावर बसविलें होतें. अटलांटांतील पहिल्या खेळास तर तिला जातांच आलें नाहीं. ज्या घरांत पंगती निरनिराळ्या मांडल्या जात, त्यांना हें मेज अनोळखी वाटूं नये. शेवटीं रेट धुक्यांत निघून जातो तेव्हां आमचे डोळे अजूनहि पाणावतात. पण मॅमी पडद्यावर आली कीं आमचें लक्ष आतां स्कार्लेटकडे राहत नाहीं.