दिवा मालवल्यावर

६ जानेवारी
गव्हाची पात वायू मोजणाऱ्या यंत्राच्या चिमट्यात धरली. अर्धा तास उजेड देऊन दिवा बंद केला. कार्बन डायऑक्साइडची रेघ वर चढून स्थिर होईल असं वाटलं होतं. ती उसळली आणि मिनिटभरात खाली आली. चिमटा सैल असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तीच उसळी.

७ जानेवारी
मॅडमनी डेकर यांचा १९५५चा निबंध दिला. त्यांना ही उसळी तंबाखूच्या पानात दिसली होती. उजेडात रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजन पकडतं. ते निस्तरताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, हेच प्रकाशश्वसन. दिवा मालवताच नवं शोषण थांबतं, पण उरलेल्या ग्लायसिनचं विघटन काही क्षण चालूच राहतं.

९ जानेवारी
आज मालदांडी ज्वारी. तीही गवताच्याच कुळातली, पण उसळी जवळजवळ नाहीच. ज्वारी शिरांभोवतीच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड दाटवते. तिथे ऑक्सिजनला फारसा वाव उरत नाही.

११ जानेवारी
गव्हात उसळी ओसरल्यावरही श्वसन बराच वेळ चढं राहतं, मग सावकाश उतरतं. उजेडात साठलेलं मॅलेट तेव्हा खर्ची पडत असावं, असं मानतात. मोजणीआधी पान अर्धा तास अंधारात ठेवायला का सांगतात, ते आज उमगलं. घाईत घेतलेल्या जुन्या नोंदी खोडल्या. जीवावर आलं, पण खोडल्या.

१२ जानेवारी
एक कुंडी दिवसभर उजेडात, दुसरी तासभरच. रात्री पहिलीचं श्वसन स्पष्टपणे जास्त. आस्कोन-बिएतो आणि ऑस्मंड यांनी १९८३ मध्ये गव्हावरच दाखवलं होतं, की पानात शर्करा जास्त साठली की अंधारातलं श्वसनही वाढतं. दिवस कसा गेला, ते पान रात्री सांगतं.

१४ जानेवारी
संक्रांतीला गावी. गहू नुकता निसवलाय. अप्पा म्हणाले, "रातीला गारठा असला की गहू पोसतो बघ." लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य आज नीट ऐकलं. गारठ्यात श्वसन मंदावतं, दिवसाची साखर कमी जळते.
बांधावर अंधार पडेपर्यंत बसले. उजेड इतका हळू गेला, की नेमका कधी संपला ते कळलं नाही. माझा दिवा मात्र खटकन विझतो. शेतातल्या पातीला रोज संध्याकाळी ती उसळी येतच नसेल. उद्या दिवा टप्प्याटप्प्याने मंद करून बघायचं.