घर बघायला मे महिन्यात जा

मुंबईचे भाडे झेपेना, म्हणून आम्ही औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बिऱ्हाड हलवायचा विचार करतो आहोत. डिसेंबरात जाऊन आलो. दलालाला भेटण्याआधी पायी हिंडलो. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. फजरनंतर निघाले की ऊन चढायच्या आत जाऊन येता येते. हिमायत बागेत जुनी झाडे आहेत आणि दौलताबादचा किल्ला १५ किलोमीटरवर. मुले तर परत यायलाच तयार नव्हती!

भाडेही आवाक्यातले. अडले ते पाण्यापाशी. १६१० मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. तशाच पाण्यावर पुढे पनचक्कीचे जाते फिरले. आज पैठणचे जायकवाडी धरण ५० किलोमीटरवर असून कित्येक वस्त्यांना वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळ बघावा लागला. पनचक्कीच्या हौदाशी उभ्या असताना अम्मींनीच विचारले, "घराची टाकी केवढी आहे?" दलाल गप्प.

टँकरचा खर्च धरला तर स्वस्त भाडे स्वस्त राहत नाही. म्हणून मे महिन्यात, ऐन उन्हात, पुन्हा जाणार आहोत. या वेळी घरमालकाआधी शेजारणीला गाठायचे आणि विचारायचे, "बाजी, पाणी कितव्या दिवशी येतं?"