काकूचा डाव

काकूला मूल नव्हतं म्हणून ती आम्हा पुतण्या-भाच्यांत रमली, असं नात्यातली माणसं अजूनही म्हणतात. म्हणताना त्यांच्या आवाजात कीव असते. आम्हा भावंडांपैकी एकालाही हे कधी पटलेलं नाही. काकूला माणसं आवडायची, खेळ आवडायचे आणि कंटाळा म्हणून सोसवायचा नाही. लग्न होऊन ती सांगलीला आमच्या वाड्यात आली, तेव्हा मुलाबाळांचा विषय अजून कुणाच्या मनातही नव्हता. पहिल्याच मंगळागौरीला तिने गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरींना फुगडीत दमवलं. पहाटे त्या भिंतीला टेकून पेंगायला लागल्या, तेव्हा ही एकटीच सूप नाचवत अंगणात उभी होती. आजीने हा प्रसंग आम्हाला इतक्यांदा सांगितला, की तो आमच्या डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटतो. सांगताना आजी तोंड वाकडं करायची, पण सांगायचं सोडायची नाही.

काका हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. माणूस अबोल. शर्टाच्या बाह्या कायमच्या पिवळ्या. धुऊन धुऊन काकूचे हात दुखायचे, डाग जायचे नाहीत. कुणी विचारलं की ती म्हणायची, "आमच्या ह्यांची हळद अजून उतरलेली नाही." काका लाजून पेपरात तोंड घालायचे. त्या दोघांनी एकमेकांशी चारचौघांत प्रेमाचं काही बोलल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. तो काळच तसा होता. पण हे वाक्य काकूने किती वेळा म्हटलं असेल, आणि दर वेळी काका किती नव्याने लाजले असतील!

सांगलीची हळद तेव्हा हरिपूरच्या पेवांत साठवत. जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असं हे पेव. त्यात हळद वर्षानुवर्षं टिके, कीड लागत नसे. झाकण काढलं की बराच वेळ हवा खेळू द्यायची, मगच माणूस आत उतरायचा. काका पेवावरच्या कामाला निघाले की काकू आम्हा पोरांना घेऊन मागोमाग निघायची. रस्त्याच्या दुतर्फा चिंचेची जुनी झाडं. उन्हाळ्याच्या तोंडी आकडे पिकलेले असत आणि दगड मारण्यात काकूचा नेम आमच्यापेक्षा चांगला होता. हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. त्यांचं 'संगीत शारदा' 1899चं, म्हातारा नवरा आणि कोवळी नवरी यांचं. संगमेश्वराच्या पारावर काकू आमच्याकडून त्याची नक्कल बसवून घ्यायची आणि भुजंगनाथाचं सोंग हटकून काकांच्या गळ्यात मारायची. काम आटोपून आलेले काका, गुडघ्यापर्यंत पिवळे, मुकाट्याने बोहल्यावर उभे राहायचे. कृष्णा-वारणेच्या संगमावर आंघोळीला आलेली माणसं थांबून बघायची. काकांनी कधी नाही म्हटलं नाही. आम्हाला वाटतं, आयुष्यात तेवढी एकच भूमिका त्यांना मनापासून आवडली.

खाल्लेल्या चिंचांचे चिंचोके काकू धुऊन, वाळवून डालड्याच्या डब्यात भरून ठेवायची. ती आमची नाणी. आजोबांच्या घरात पैसे लावून पत्ते खेळणं अशक्य होतं, म्हणून रमीचा सगळा हिशेब चिंचोक्यांत चाले.

तो डबा कामाला आला 1967च्या डिसेंबरात. अकरा तारखेला पहाटे चार-सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. आमच्या वाड्याच्या भिंती दगडमातीच्या. फडताळातली भांडी धडाधड खाली आली आणि घरातली सगळी माणसं अंधारात अंगणात धावली. पुढे धक्के बसतच राहिले. धरण फुटल्याच्या अफवा रोज उठत, आणि कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून आपल्याच दारावरून जाणार, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही कळत होतं. छपराखाली झोपायची कुणाची छाती होईना. सगळी गल्ली उघड्यावर. ऐन थंडी, घोंगड्या कमी, आणि मोठ्यांचे चेहरे बघून आम्ही पोरं रडकुंडीला आलेली.

काकूने शेगडी पेटवली, परातभर भडंग केलं, कंदील मध्ये ठेवला आणि पत्ते वाटायला घेतले. नियम तिचा: धक्का बसला की डाव मोडला, सगळे पत्ते परत टाकायचे. पहिल्या रात्री कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या रात्री माझ्या आतेभावाला इतकी वाईट पानं आली, की तो आभाळाकडे बघून धक्का मागायला लागला. मग सगळेच मागायला लागलो. जमीन थरथरली की ज्याचा डाव बिघडलाय तो आनंदाने ओरडायचा आणि ज्याची सीक्वेन्स लागलीय तो कपाळावर हात मारायचा. शेजारचे लोक येऊन बसले. शेवटी आजोबाही बसले; खेळले नाहीत, पण कुणाला कोणतं पान हवंय ते खुणेने सांगू लागले. कोयनानगरला घरं जमीनदोस्त झाली होती, शेकड्याने माणसं गेली होती, हे आम्हाला नंतर नीट समजलं. काकूला ते त्याच वेळी ठाऊक होतं. तिचं माहेर पाटणकडचं होतं आणि तिथली खबर यायला वेळ लागला. त्या रात्री ती कशी हसत होती, ते आता आमची मुलं मोठी झाल्यावर आम्ही एकमेकांना विचारतो.

ती सदा हसतमुख होती, असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. माजघराचं दार लोटून ती पडून राही असेही दिवस असत. "काकूचं डोकं दुखतंय," असं आम्हाला सांगत. संध्याकाळी बाहेर येऊन ती चहा मागायची आणि कुणाला तरी चिडवायला सुरुवात करायची. तिची मजा आपोआप येत नव्हती. ती तिने रोज उठून केलेली मेहनत होती, स्वयंपाकासारखी, आणि स्वयंपाकासारखीच ती घरातल्या कुणाच्या हिशेबात धरली गेली नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बारशाला एक म्हातारी बाई पुटपुटली, की पाळण्यापाशी लेकुरवाळीनंच उभं राहावं. काकू हातातली घुगऱ्यांची वाटी ठेवून मागे सरकली. आई काही बोलायच्या आत आत्या उठली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. "माझा मान मी हिला दिला," एवढं म्हणून तिने बाळ काकूच्या मांडीवर ठेवलं. आत्या तशी कडक बाई, काकूशी तिचं रोज वाजायचं. काकू बाळाच्या कानाशी लागली ती उठेचना. "अगं, केवढं लांब नाव!" आजी म्हणाली. तेव्हा काकूने मान वर केली. डोळे भरलेले. "नाव केव्हाच सांगितलं. आता घरातल्या सगळ्यांची टोपणनावं सांगतेय." ती टोपणनावं तिनेच ठेवलेली होती, आजोबांचंसुद्धा.

2005च्या महापुरात हरिपूरची कितीतरी पेवं गेली. काका तेव्हा निवृत्त होते, तरी बातमी ऐकून जेवले नाहीत. काकूने त्यांना समोर बसवून पत्ते पिसले. पुढे काही वर्षांनी तीच आधी गेली.

तेराव्याला आम्ही सगळे जमलो होतो. कुठून कुठून आलेलो. जेवणं झाली, बोलण्यासारखं कुणाजवळ काही उरलं नव्हतं. मग काका आपण होऊन म्हणाले, "ती पानं लपवायची. रमीत. पदराखाली."

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. भूकंपाच्या रात्रीसुद्धा. जोकर दोन्ही तिच्याकडे होते."

साठीला आलेला आतेभाऊ ताडकन उठला. "म्हणजे माझे डबाभर चिंचोके—"

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. काका हसायला लागले होते, आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे. जो तो आपापले हरलेले चिंचोके मोजून मागू लागला.