जाळून पाहिल्याशिवाय विकू नकोस

वसई,
ऑगस्टअखेर

प्रिय मनू,

तुझं पत्र पोचलं. दिवाळीत पुण्याच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा आहे, भाडं भरून टाकू का, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर देण्याआधी मला एक सांग. तू बनवलेली एक तरी मेणबत्ती पेटवून पार तळापर्यंत जाळली आहेस का? तुझ्या पत्रात रंग आहेत, सहा सुगंध आहेत, खोक्यावर बांधायची फीतही आहे. वातीबद्दल मात्र एकच वाक्य आहे, की ती बाजारात तयार मिळते. मला काळजी वाटली ती तिथेच.

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1860च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर निव्वळ मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ, हे त्याने मुलांना प्रयोग करून दाखवलं. म्हणजे वात किती मेण वर ओढते यावर ज्योत किती मोठी होणार ते ठरतं. बरणी रुंद आणि वात बारीक असली की मधोमध खड्डा पडत जातो, कडेचं मेण तसंच उभं राहतं आणि शेवटी ज्योत त्या खड्ड्यात बुडून विझते. गिऱ्हाइकाचं अर्धं मेण वाया जातं. उलट वात जाड असली तर ज्योत उंच उठते, काजळी धरते आणि काच हात लावता येणार नाही इतकी तापते. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते गिऱ्हाइकाच्या घरात घडतं आणि तिथे तू नसतेस.

म्हणून बरणीचा व्यास मोजून लागोपाठच्या तीन मापांच्या वाती आण. एकाच मेणाच्या, एकाच सुगंधाच्या तीन बरण्या भर आणि शेजारी शेजारी पेटव. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या बरणीत साधारण तीन तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं पाहिजे आणि त्याची खोली सेंटिमीटरभर असली पाहिजे. मग विझव, पूर्ण गार होऊ दे, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून काप आणि पुन्हा पेटव. असं शेवटपर्यंत. पहिल्या दिवशी शहाण्यासारखी वागणारी मेणबत्ती निम्म्यानंतर बिघडते, कारण खोल बरणीत उष्णता कोंडते. सुगंध बदलला किंवा रंग गडद केला की तीच वात वेगळी वागते, हेही लक्षात ठेव. सहा सुगंध म्हणजे सहा वेगळ्या चाचण्या. तू या वर्षी दोनच सुगंध ठेवावेस असं मला वाटतं.

फोटोत मेणावर गुलाबाच्या सुक्या पाकळ्या आणि दालचिनीचे तुकडे दिसले. ते काढून टाक. मेण वितळलं की ते तरंगत वातीपाशी जातात आणि स्वतःच वात होऊन पेटतात. सजावट हवीच असेल तर झाकणावर कर. नारळाच्या करवंटीतही मेण ओतू नकोस, करवंटी जळते. पाणी प्यायचे पातळ काचेचे ग्लास तापून तडकतात. उष्णता सोसणाऱ्या जाड काचेची बरणी किंवा पत्र्याचा डबा घे. मोदकाच्या आणि लाडवाच्या आकाराच्या मेणबत्त्या हल्ली फार खपतात, पण लहान मूल त्यांना खरा खाऊ समजून तोंड लावतं. तुझ्या घरात दोन पोरं आहेत, तुला जास्त सांगायला नको.

आता स्वयंपाकघराचं. मेण कधीही थेट गॅसवर ठेवू नकोस. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं, म्हणजे मेण शंभर अंशांवर जाणार नाही. पातेल्यातलं पाणी आटू देऊ नकोस. दारावरची बेल वाजली तर आधी गॅस बंद कर, मग दार उघड. मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी टाकू नकोस. पाण्याची एकदम वाफ होते आणि जळतं मेण चौफेर उडतं. गॅस बंद करून झाकण घालायचं, म्हणून भांड्याच्या मापाचं झाकण हाताशी ठेव. उरलेलं मेण मोरीत ओतू नकोस, पाइपात गोठून बसतं.

केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांची ऑर्डर कोणी देऊ केली तर सरळ नाही म्हण. नावात मेणबत्ती असली तरी ते शोभेच्या दारूचं काम आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे डिसेंबर 2023 मध्ये अशाच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली आणि तिथे कामाला असलेल्या बायका जळून गेल्या. पोटासाठी गेलेल्या बायका होत्या त्या. ती बातमी मला अजून विसरता येत नाही.

सुगंधाचं माप थेंबात नाही, ग्रॅममध्ये घे. मेणाच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के पुरे, म्हणजे 200 ग्रॅम मेणाला 12 ते 16 ग्रॅम. जास्त घातल्याने वास वाढत नाही, मेणाला ते तेल धरवत नाही आणि ते वर घामासारखं फुटतं. अत्तर किंवा अंगावर मारायचा स्प्रे चालणार नाही, मेणबत्तीसाठी म्हणून विकलेलं सुगंधी तेलच घे. ते किती अंशांवर मेणात मिसळायचं हे मेण विकणाऱ्यालाच विचार, प्रत्येक मेणाचं वेगळं असतं.

तू सोया मेण निवडलंस, बरणीसाठी ते चांगलं आहे. पण ते मऊ असतं आणि पन्नास अंशांच्या आसपास वितळायला लागतं. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याला, नागपूरला कुरिअरने पाठवलंस तर खोक्यात काय पोचेल ते तूच विचार कर. उभ्या मेणबत्तीसाठी पॅराफिन बरं, त्यात थोडं स्टिअरिक ॲसिड घालायचं. त्याने मेण कडक होतं आणि साच्यातून सहज सुटतं. पूर्वी चरबीच्या मेणबत्त्या धुरकट जळायच्या, घाण वास यायचा. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतून हे आम्ल वेगळं काढलं आणि 1825 मध्ये गे-ल्युसॅक या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञासोबत त्याच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. आमच्या धंद्याने त्या माणसाचे उपकार मानावेत.

किमतीबद्दल तू लिहिलं आहेस, "सामानाच्या दुप्पट लावते." तो हिशोब नव्हे. समज, मेण, वात, सुगंध, बरणी आणि खोका मिळून 110 रुपये झाले. तासाला चार बरण्या होत असतील आणि तू तासाची मजुरी 100 रुपये धरलीस, तर बरणीमागे 25. चाचणीत जाळलेल्या आणि फुकट गेलेल्या मालाचे 10 धर. झाले 145. तुझ्या हिशोबाने किंमत 220. स्टॉलवर तुझ्या हाताने विकलीस तर 75 सुटतील, त्यातूनच स्टॉलचं भाडं जाईल. तीच बरणी दुकानात ठेवलीस आणि दुकानदाराने 40 टक्के घेतले, तर तुझ्या हाती 132 येतील. म्हणजे प्रत्येक बरणीमागे 13 रुपये पदरचे घालून तू त्याचं दुकान चालवशील. 290 लावलीस तर दुकानातून 174 मिळतील आणि 29 उरतील. मग भाव तोच सगळीकडे ठेव, स्टॉलवर स्वस्त आणि दुकानात महाग असं केलंस तर दुकानदार तुला दारात उभं करणार नाही. स्वतःची मजुरी धरायला बायकांना लाज वाटते. तू वाटून घेऊ नकोस.

खपाचं म्हणशील तर, ज्यांना मेणबत्ती पुन्हा पुन्हा लागते अशी माणसं शोध. इथे वसईत 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लागतात. ईस्टरच्या जागरणविधीला प्रत्येकाच्या हातात एक असते. बाप्तिस्म्याला, पहिल्या कम्युनियनला सजवलेली मेणबत्ती हवी असते. या गिऱ्हाइकाला लव्हेंडरचा वास नको, सरळ जळणारी, कमी ओघळणारी मेणबत्ती हवी, आणि ते दरवर्षी येतं. पुण्यातही चर्च आहेत, तिथे जाऊन विचार. महाबळेश्वरला दृष्टिहीन भावेश भाटियांनी हातगाडीवर मेणबत्त्या विकायला सुरुवात केली आणि 1994 मध्ये सनराइज कँडल्स ही कंपनी उभी केली. समोरासमोर विकताना गिऱ्हाईक काय हातात घेतं आणि काय खाली ठेवतं ते कळतं, म्हणून तुझा स्टॉलचा विचार मला पसंत आहे. कंपन्यांच्या दिवाळी भेटीची ऑर्डर आली तर निम्मे पैसे आगाऊ घे. सामान उधार मिळत नाही, मग माल उधार का द्यायचा?

खोक्यावर तुझं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर छाप, बंद पाकिटाच्या मालाला कायद्याने हे लागतं. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत मराठीत लिही: सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नये, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की विझवावी, पडद्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवावी. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नकोस. राज्याबाहेर माल पाठवायचा झाला तर त्याआधी जीएसटीचं एखाद्या कर सल्लागाराला विचारून घे.

तर भाडं भर, पण आधी दोन्ही सुगंधांच्या बरण्या तळापर्यंत जाळून झाल्यावर. आणि तारखा आत्ताच कॅलेंडरवर मांड. सोया मेणात सुगंध मुरायला दोन आठवडे लागतात आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जेमतेम तीन आठवडे असतात. शेवटची बरणी दसऱ्याच्या आत ओतून झाली पाहिजे.

तुझी,
मावशी