कसरतीचं घराणं

विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरहून दोन विद्या घेऊन आले. हद्दूखाँसाहेबांचं गाणं आणि बाबासाहेब आपट्यांची अश्वविद्या. संस्थानी चाकरीत घोडे तयार करणाऱ्या या माणसाने मुंबईत कियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ पाहिले आणि हे आपल्यालाही जमेल, अशी जिद्द धरली. २० मार्च १८८० रोजी त्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. गाणंही सुटलं नाही. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांना छत्र्यांनी पुढे आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव मायेने सांभाळलं.

छत्र्यांचा तंबू केरळात तलश्शेरीला पोचला तेव्हा तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन भारावून गेले. १९०१ मध्ये त्यांनी सर्कशीची शाळाच काढली. झुल्यावर झेप घेणाऱ्या केरळी कलावंतांच्या कित्येक पिढ्या तिथल्या मातीतून उभ्या राहिल्या. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-बिबट्यांचे खेळ घेऊन १९४० मध्ये थेट अमेरिकेच्या 'रिंगलिंग ब्रदर्स'मध्ये पोचले.

पण या कसरतीचं मूळ तंबूच्याही आधीचं. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. ती विद्या त्यांना नाशिकजवळच्या सप्तशृंगीच्या गडावर सुचली, अशी कथा आखाड्यांत आजही सांगतात. अंग, मान आणि वर बोंड. एवढाच तो खांब, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला. साधी अढी घालायलाही मांड्यांची कातडी सोलवटून निघते. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून सगळं शरीर वर चढवायचं असतं.

ही कसरत आजही रस्त्यावर दिसते. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडून अंबडच्या कारखान्यांकडे जाताना डोंबाऱ्याचा ढोल वाजला, की पाळी सुटून घरी निघालेले कामगार मोटारसायकली कडेला लावतात. बांबूंच्या दोन कैच्या आणि मध्ये ताणलेला दोर. त्यावर पोरगी उभी. डोक्यावर कळशा, हातात आडवा लांब बांबू. हा बांबू म्हणजे शोभा नव्हे. तोल ढळला तरी एवढा लांब बांबू चटकन कलत नाही, आणि त्या निमिषभरात पाऊल सावरतं. नजर पायांकडे जात नाही, ती पलीकडच्या कैचीवर खिळलेली असते. मग ती ताटावर गुडघे टेकते आणि ताटासकट दोरावरून पुढे सरकते. खाली गादी नाही, जाळी नाही.

लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांना या कामातली सफाई कुणी समजावून सांगावी लागत नाही. हात आपोआप खिशाकडे जातो.

तरी गर्दीतल्या एखाद्या बाईला ते बघवत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर बंदी घालायचा आदेश सरकारला दिला. तंबूवर नजर ठेवता येते. रस्त्यावरच्या दोराला ना मालक ना पत्ता, तिथे कुणी विचारायला जात नाही. त्यात या पोरीची शाळा बुडते आणि विद्याही भिकेच्या खात्यात जमा होते.

मल्लखांबाचं नशीब मात्र पालटलं. तो 'खेलो इंडिया'त आला, सागर ओव्हाळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, प्रशिक्षक गणेश देवरुखकरांना द्रोणाचार्य. डोंबाऱ्याच्या लेकीच्या अंगात तोल आहे, लवचीकपणा आहे, उंचीची भीती मोडलेली आहे. हेच कमवायला आखाड्यातल्या मुलांना वर्षं लागतात. नाशिकमध्ये व्यायामशाळांची परंपरा जुनी आहे. त्यांतल्या एखाद्या वस्तादाने संध्याकाळी अंबडला चक्कर मारावी, तिच्या आईबापांशी बसून बोलावं, सकाळी शाळा आणि संध्याकाळी आखाडा असं ठरवावं, आणि घरचा रोजचा बुडणारा गल्ला कुठून भरून काढायचा तेही त्याच बैठकीत ठरवावं.