चुलीचं सारवण

मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 साली सुरू झाली आणि हातकणंगल्याला स्टेशन मिळालं. आम्ही लहान असताना घरातल्या बायका सकाळच्या गाडीवर वेळ धरायच्या. गाडीची शिटी ऐकू यायच्या आत चुलीतली राख निघून, सारवण होऊन जाळ झालेला असायचा.

आधी राख. रात्री राखेखाली झाकून ठेवलेले निखारे चिमट्यानं बाजूला घ्यायचे. राख चाळली की बारीक भांड्यांना, थोडी कडधान्याच्या डब्यात आणि उरलेली उकिरड्यावर. मग शेणकाल्यात पोतेरं बुडवून चूल आणि वैल आतून-बाहेरून पुसायचं. उष्ट्या चुलीवर भाकरीचा तवा चढत नसे.

खरी कसोटी चीर पडली की लागायची. आमच्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. नुसत्या काळ्या मातीची चूल आठ दिवसांत तडकणार. म्हणून आज्जी पडक्या भिंतीची पांढरी माती आणायची, त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घालून रात्रभर भिजवायची. भुशाची काडी माती धरून ठेवते. सकाळी तो चिखल ती पायानं तुडवायची, मुठीत दाबून बघायची आणि ओल्या बोटानं चीर बुजवायची. "चीर दिसली की त्याच दिशी लिंपायची. उद्यावर टाकायची न्हाई," हे तिचं ठरलेलं.

नागपंचमीला तवा चढत नसे आणि जमीनही खणत नसत. त्यामुळं माती दोन दिवस आधीच घरात यायची. पंचमीला सारवलेल्या चुलीवर दिंडं उकडायची. लग्नात चूलबंद आवतण आलं, तर त्या दिवशी चुलीला खरी सुट्टी.

पावसाळ्यात मात्र हाल. ओली चिपाडं, ओल्या शेण्या, फुंकणी फुंकून लाल झालेले आईचे डोळे. छपराच्या वाशांवर काजळी लोंबायची. 1983 साली सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा निर्धूर चुली आल्या. त्यांचं धुराडं काजळीनं तुंबलं की धूर परत घरात. ते वेळोवेळी साफ करायचं काम पुन्हा बायकांकडंच आलं. पुढं स्टोव्हची पिन, वाती, रॉकेलची रांग, आणि मग गॅस. 2016 साली उज्ज्वला योजना आली.

धूर गेला हे फार चांगलं झालं. तो परत यावा असं आम्हा कुणालाच वाटत नाही. पण ती माती ओळखणं, तिचं माप, तो हात, ही विद्या होती आणि घरात तिला कुणी काम म्हणून मोजलं नाही. आम्ही पोरं ताटावर बसायचो, भाकरी फुगली का ते बघायचो. चुलीकडं बघितलं नाही.

पाणी तापवायची चूल अजून पुष्कळांच्या परसात आहे. तुमच्याकडं असेल, तर या पंचमीच्या आधी ती तुम्ही सारवा. आईला शेजारी पाटावर बसवा, किती माती आणि किती भुसा ते तिला विचारा आणि चिखलात हात तुमचा घाला.