डिपर

आमच्या घरात बरेच दिवस एक वाद चालू होता. रात्री अण्णांना कमी दिसतं, की गाडीला? आई आणि भाऊ म्हणायचे डोळे. अण्णा म्हणायचे दिवे. अण्णा एकसष्ट वर्षांचे आणि गाडी त्यांच्या मानाने तरणी, पण तिनेही दोन मालक पाहिलेले. भावाचं म्हणणं, अण्णांनी अंधार पडल्यावर स्टिअरिंग धरूच नये. वाटूरसारख्या गावात असं सांगणं म्हणजे माणसाचे पाय काढून घेणं. रात्री कुणाचं पोट दुखलं, कुणाची सून अडली, तर आमच्या आळीतली पोरं आधी अण्णांना उठवतात. जालना तासाभरावर. त्यात गाळपाचा हंगाम असला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मधेच शेतातून रोही आडवा येतो. तो तर काही वाजवतही नाही.

गाडी म्हणजे जुनी लाल स्विफ्ट. चुलतभाऊ तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. हे अगदीच थापा मारणं नाही. याच नावाच्या गाडीने 2007 साली ज्युनिअर वर्ल्ड रॅलीचं विजेतेपद मिळवलं होतं. अर्थात त्या गाडीत आणि आमच्या गाडीत नाव सोडून फारसं काही सारखं नाही.

दिवाळीत घरी आले तेव्हा मी ठरवलं, आधी दिवे काढून बघू. डोळ्यांचं नंतर. डोळे काढता येत नाहीत.

पोर्शे कंपनीची 1997 च्या सुमाराची 911 आहे ना, तिचा अख्खा दिवा काढायला एक चावी पुरते. पुढच्या डिकीत हात घालून खिट्टी फिरवायची आणि दिवा सरळ पुढे ओढून घ्यायचा. कोट्यवधींच्या गाडीला हे सुख, आणि आपल्या गाडीचा दिवा काढायला बंपर सोडवावा लागतो. ज्यांच्या घरी स्वतःचा पाना असण्याची शक्यता जास्त, त्यांच्याच गाडीचं काम अवघड करून ठेवलंय.

आम्ही अंगणात सतरंजी अंथरली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग बोनेटखालच्या प्लास्टिकच्या क्लिपा. यांच्या मधली टिकली आधी उचलायची, मग क्लिप ओढायची. घाई केली की तुटतात, आणि थंडीत जास्तच. चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालचे स्क्रू, आणि मग दोघांनी दोन बाजूंनी बंपर हळूच बाहेर ओढायचा. अंगणातल्या बायकांना इथे वाटलं की गाडी गेली. बंपर निघाल्यावर गाडी खरंच बोळक्या म्हातारीसारखी दिसते. पुढचं सोपं: दहा नंबरचा पाना, दिव्याचे बोल्ट, मागचा कनेक्टर. बोल्ट मी जुन्या कॅलेंडरच्या पानावर ज्या जागेचे त्या जागी मांडले.

डावा दिवा हातात आला आणि अण्णांच्या बाजूने पहिला पुरावा मिळाला. दिव्याला बोल्टसाठी जे कान असतात त्यातला एक तुटलेला होता. आधी कुठल्या तरी गॅरेजवाल्याने तो तारेने बांधून वरून काळी टेप मारली होती. म्हणजे इतके दिवस डावा दिवा मान खाली घालून चाकापुढची माती बघत होता. त्याची भरपाई म्हणून कुणीतरी उजवा दिवा वर केलेला. समोरचा प्रत्येक जण अण्णांना अप्पर मारायचा, तो उगाच नाही.

काचा पिवळ्या पडलेल्या होत्याच. काच म्हणायची सवय, असतं ते पॉलिकार्बोनेट. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने गेला की प्लास्टिक पिवळं आणि रखरखीत होतं. आमच्या उन्हाला त्यासाठी फार वेळ लागत नाही. टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. चकाकी येते, पण थोड्याच दिवसांत जाते, कारण गेलेला थर परत येत नाही. आम्ही वॉटर पेपर घेतले, 800 पासून 2000 पर्यंत, पाणी मारत मारत घासलं, पॉलिश केलं आणि वरून अतिनील किरणं अडवणारा लॅकर मारला. तुटलेल्या कानासाठी दुरुस्तीची पट्टी जालन्याहून मागवली.

मग भांडण झालं. चुलतभावाने पांढऱ्या एलईडी बल्बांची जोडी आणून ठेवली होती.

"ताई, हे लाव. दिवसासारखं दिसतं बघ."

"तुला दिसतं. समोरच्याचं काय?"

या दिव्यात एचफोर बल्ब असतो. त्यात दोन तारा: एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. वाटीची एक कड 15 अंश तिरपी असते, म्हणून उजेड डावीकडे थोडा वर चढतो आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसतो. परदेशात गाड्या उजव्या बाजूने चालतात तिथे हाच उजेड उजवीकडे चढतो. त्यामुळे तिकडचा दिवा स्वस्तात मिळाला म्हणून इथे लावला, तर तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आता त्या तारेच्या जागी एलईडीचा ठोकळा बसवला, की प्रकाश निघायची जागाच बदलते आणि रिफ्लेक्टर तो वाटेल तिकडे फेकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम तर मोजमापासकट सांगतो: दिव्यापासून 8 मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्याला दिपवायचं नाही. मला हा नियम आवडतो. त्यात समोरच्या अनोळखी माणसाच्या डोळ्याला पत्ता दिलेला आहे.

बल्ब साधेच बसवले, 60/55 वॅटचे, काचेला बोट न लावता. बोटाचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

रात्री गाडी गोदामाच्या भिंतीपासून 25 फुटांवर सपाटीला उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूची रेघ मारली. डिपरची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली यायला हवी. मी मागचा स्क्रू फिरवत होते आणि अण्णा भिंतीजवळ उभे राहून सांगत होते, "अजून जरासं, माय. बास." इंचाचा फरक त्यांना नीट दिसत होता. भाऊ काही बोलला नाही.

त्याच रात्री आम्ही मंठ्याच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन आलो. गाडी अण्णांनी चालवली. रस्ता दोन्ही कडांना दिसत होता, कुणी अप्पर मारला नाही. अण्णा खूश. पण समोरून पांढऱ्या दिव्यांची एक जीप आली तेव्हा त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, आणि ती गेल्यावरही काही क्षण तशीच ठेवली. मी शेजारी होते. आम्ही दोघंही त्याविषयी बोललो नाही.

दोन दिवसांनी मी त्यांना जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दिवसा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला. डॉक्टरांनी सांगितलं, वयाबरोबर डोळ्यातलं भिंगही पिवळसर होतं, बाहुली लहान राहते, आणि साठीत पडद्यावर विशीच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. समोरून झोत आला की गढूळ भिंगात तो पसरतो.

"म्हणजे तेही पॉलिश करायचं?" अण्णांनी विचारलं.

"नाही, बदलायचं," डॉक्टर म्हणाले.

तारीख फेब्रुवारीतली मिळाली आहे. तोवर रात्री चुलतभाऊ चालवतो आणि अण्णा शेजारी बसून त्याला डिपर दे, डिपर दे म्हणत राहतात. एलईडीचा खोका अजून फळीवर आहे, दुकानदार परत घेत नाही.